अढळ खुंटी

खारदेवळीत सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी लोक आपापला बांध बघत. त्यासाठी बांधावर जायची गरज नव्हती. उशाशी पडलेला फोन उचलला की झालं. गावाला तिन्ही बाजूंनी खाडीचा वेढा, आणि खाडी नि भातशेती यांच्या मधे सव्वादोन किलोमीटरचा मातीचा बाहेरबांध. त्या बांधाचे एकशे चौदा वाटे होते, एका घराचा एक. आपला वाटा आपण राखायचा, ही जोळीची रीत. जोळ म्हणजे बांध राखणाऱ्या सगळ्या घरांनी मिळून चालवलेला कारभार. पणजोबांच्या आधीपासून चालत आलेला. नवीन काय होतं, तर प्रत्येक वाट्यावर रोवलेली हातभर उंचीची पांढरी खुंटी. तिच्या डोक्यात नारळाच्या करवंटीएवढा उपग्रहांचे संदेश ऐकणारं यंत्र बसवलेलं. रोज पहाटे पाच वाजता ती खुंटी आपली उंची मोजून ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवायची.

"काय गो सुगंधा, तुझा तीन मीटर ब्याऐंशीच का? आमचा चौऱ्याऐंशी झाला!" अशी पहिली खडाजंगी नळावरच होई. पूर्वी तिथं सुनांची गाऱ्हाणी चालत, आता बांधांची उंची चाले.

त्या भाद्रपदातल्या सकाळी हर्षाली म्हात्रेनं फोन उघडला आणि ती अंथरुणातच उठून बसली. तिचा वाटा महिन्याभरात आणखी एका सेंटीमीटरनं वाढला होता.

आता बांध वाढला तर माणसानं खूश व्हावं की नाही? पण हर्षालीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि ती कबूल करायला तिला लाज वाटत नव्हती. गेल्या दोन वर्षांत तिनं त्या वाट्यावर चिखलाची एक टोपलीसुद्धा टाकली नव्हती. तिनंच काय, कोणीच टाकली नव्हती. बांध आपोआप वाढतोय असं खुंट्या सांगायला लागल्यापासून जोळीनं चिखलाचं काम थांबवलं होतं. सरकारच्या खारतट मंडळानं तर 'उत्कृष्ट बांध' म्हणून गावाला ढालही दिली होती.

"बांध म्हणजे काय भोपळा आहे का, वेलीवर पडल्या पडल्या वाढायला?" ती स्वतःशीच म्हणाली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून ती तशीच बांधावर गेली. तिच्या वाट्याला खेकड्यांनी भोकं पाडली होती, मधली माती बसली होती, कडा ढासळली होती. पांढरी खुंटी मात्र ऐटीत उभी राहून तीन मीटर चौऱ्याऐंशी सांगत होती.

हर्षालीचं वय बावन्न. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची आणि विषय मिटवायची. नव्या मुंबईत रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका कंपनीत तिनं अठरा वर्षं काढली होती, आणि वडिलांचे डोळे अधू झाल्यावर गावी परत आली होती. वासरात लंगडी गाय शहाणी, तसं गावानं तिला खुंट्यांची राखणदार केलं. काम एवढंच, की एखादी खुंटी म्हशीनं पाडली तर सरळ करायची आणि बगळा बसला तर हाकलायचा. तिला त्याचा मनातून कंटाळा आला होता. आज कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्यात काहीतरी वळवळलं.

घरी येऊन तिनं एकशे चौदा खुंट्यांचे सव्वीस महिन्यांचे आकडे एकाखाली एक मांडले आणि कपाळावर हात मारला. अगं बाई! सगळ्यांची वाढ सारखी. सुगंधा, जी दर पंधरा दिवसांनी बांधाला शेणाचा हात द्यायची, तिचा वाटा एकोणीस सेंटीमीटर वाढलेला. परदेशात राहणाऱ्या एका कुटुंबाचा, जिथं सहा वर्षांत कोणाचं पाऊल पडलं नव्हतं, तोही एकोणीसच वाढलेला. माणसं एवढी सारखी कधी वागतात का? मग माती कुठून वागणार?

याचा अर्थ एकच. एक तर सव्वादोन किलोमीटरचा बांध कोणीतरी खालून अलगद उचलत होतं, नाहीतर मोजायची पट्टी खाली सरकत होती.

ही पट्टी म्हणजे मुख्य खुंटी. एकट्यादुकट्या खुंटीला उपग्रहांवरून आपली उंची काढायला सांगितली, तर ती दोन-चार हातांनी चुकते. संदेश वातावरणातून येताना रेंगाळतो, उपग्रहांची घड्याळं किंचित पुढेमागे असतात. म्हणून गावात एक मुख्य खुंटी बसवलेली. तिची उंची पहिल्या दिवशी नीट मोजून कायमची लिहून टाकलेली. मग रोज उपग्रह तिला जी उंची सांगत, ती लिहिलेल्या उंचीशी ताडून मुख्य खुंटी बाकीच्यांना कळवायची, की आज आकाश एवढं एवढं चुकतंय, तुम्ही तेवढं दुरुस्त करून घ्या. सगळा गाव तिला अढळ खुंटी म्हणे. पण समजा, ती स्वतःच खाली गेली तर? तरी ती हेच म्हणणार, की मी जागची हलले नाही, आकाशच चुकलं. आणि बाकीच्या बिचाऱ्या खुंट्या तेवढ्यानं वर सरकणार. हर्षाली ताडकन उठली, कारण अढळ खुंटी होती वादळघराच्या गच्चीवर, आणि वादळघर होतं खांडीवर.

खांडीची गोष्ट खारदेवळीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. साठ वर्षांपूर्वी उधाणात बाहेरबांध फुटला, मोठी खांड पडली. तीन आठवडे भरती आत येत होती, ओहोटी माती घेऊन जात होती. खड्डा एवढा खोल झाला, की गावानं दोनदा भरला आणि दोनदा वाहून गेला. तिसऱ्यांदा सगळं गाव उतरलं. होडीतून एक माणूस लांब बांबू खाली खुपसून बघत होता. भराव घट्ट झाला की बांबू टेकतो, त्यावर मग वरची माती चढवायची. तो माणूस म्हणजे हर्षालीचे वडील, हसुराम म्हात्रे, तेव्हा एकवीस वर्षांचे. ओहोटी संपत आली होती, माणसं गुडघ्यात मोडत होती, आणि हसुराम ओरडले, "टेकला!" त्या एका शब्दावर गावानं शेवटची माती चढवली आणि समुद्र बाहेर राहिला. अजून दरवर्षी त्या तिथीला तिथं नारळ फुटतो, म्हातारे हसुराम ओरडतात "टेकला!" आणि अख्खा गाव मागून ओरडतो.

म्हणून सरकारी योजनेतून वादळघर आलं, चारशे माणसं मावतील असं खांबांवरचं पक्कं घर, तेव्हा जागा कुठली द्यायची हा प्रश्नच आला नाही. गावानं स्वतःच्या हातांनी केलेली जमीन. तिच्याइतकी मजबूत दुसरी कुठली? जागा सुचवली ती हसुरामांनीच, आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

हर्षालीनं वादळघराची किल्ली घेतली, जुना संगणक पिशवीत टाकला आणि गच्चीवर गेली. मंडळाच्या संकेतस्थळावर दिसत ते सगळे दुरुस्त केलेले, धुऊनपुसून ठेवलेले आकडे. तिला हवे होते कच्चे: कुठल्या उपग्रहाचा संदेश किती वाजता निघाला, किती वाजता पोचला, त्याच्या लहरी किती मोजल्या. ते फक्त खुंटीच्या पोटात होते, आणि बाहेर काढायला तिच्याकडे जुन्या नोकरीतलं एक फुकट मिळणारं साधन होतं. त्याला ना चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची, की ते कामाला लागे. ती त्याला टिप्या म्हणायची, कारण ते एकच काम करी, टिपत बसायचं.

टिप्याला चार गोष्टी सांगाव्या लागत. कुठल्या तारेतून ऐकायचं, काय काय टिपायचं, किती वेळ, आणि कुठल्या फायलीत ठेवायचं. तिनं ओळ टंकली, चोवीस तास म्हणून सांगितलं, आणि पडद्यावर आकड्यांची धार लागली. आपल्या देशाचे उपग्रह, अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, चीनचे. डोक्यावर एका वेळी चाळीस-पंचेचाळीस. ती बराच वेळ नुसती बघत बसली. एवढ्या लांबून इतक्या जणांनी एका खेड्यातल्या गच्चीला उद्देशून बोलावं, याचं तिला अठरा वर्षांनंतरही नवल वाटे.

दुसऱ्या दिवशी ती गेली तर तास-दीड तासापूर्वी वीज जाऊन आली होती. टिप्या थांबला होता. तिनं घाईघाईनं तीच ओळ पुन्हा टंकली आणि मग जीभ चावली. टिप्याचा एक नियम होता: फायलीच्या नावाआधी एक बाण काढला तर जुनं पुसून नवं लिहायचं, दोन बाण काढले तर जुन्याच्या खाली जोडायचं. तिनं एकच काढला होता. जवळजवळ एक अख्खा दिवस गेला.

"अठरा वर्षं काय गवत उपटत होतीस का, हर्षाले?" तिनं स्वतःला झापलं, आणि दोन बाण काढून पुन्हा सुरुवात केली.

चार दिवस तिनं टिपलं. मग उपग्रहांच्या नेमक्या वाटांचे आकडे उतरवून घेतले, आणि कच्च्या नोंदी त्यांच्याशी ताडल्या. यात मुख्य खुंटीनं आपली उंची काय म्हणून सांगितली, हे मधे येतच नव्हतं. नुसतं आकाश आणि खुंटी. वादळघराच्या दारावर पितळी पाटी होती: मुख्य खुंटीची उंची, सात मीटर एकेचाळीस सेंटीमीटर. टिप्याच्या नोंदींतून निघाली सात मीटर बावीस.

एकोणीस. बांध एकोणीस वर, खुंटी एकोणीस खाली. म्हणजे बांध जागच्या जागी होता, आणि दिव्याखालीच अंधार होता.

खारतट मंडळात गौतमी सोहनी नावाची अभियंता होती. तरुण, पण फोन उचलणारी. हर्षालीनं तिला सगळं सांगितलं.

"अहो ताई, मुख्य खुंटीचा इशारा तर आला नाही," गौतमी म्हणाली.

"इशारा कधी येतो?"

"कुठलीही खुंटी दोन सेंटीमीटर खचली की."

"आणि मुख्य खुंटी खचली तर?"

"ती खचत नाही. म्हणजे... खचत नाही असं आपण धरलंय. ताई, मला ती कच्ची नोंद पाठवता का?"

दोन तासांत गौतमीचा फोन आला. आता तिचा आवाज बदलला होता. आकडे बरोबर होते. खचणं गेल्या चार महिन्यांत वाढलं होतं, आणि एका कोपऱ्यात जास्त होतं, त्यामुळे घर किंचित कलायला लागलं होतं. तिथं चारशे माणसं एकदम चढवणं तिला मुळीच पसंत नव्हतं. "समिती पंधरा दिवसांत येईल," ती म्हणाली.

"सर्वपित्री अमावास्या आठ दिवसांवर आहे," हर्षाली म्हणाली. "वर्षातलं मोठं उधाण. आणि समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय म्हणतात."

"बांधाची खरी उंची किती?"

"तीन मीटर पासष्ट."

"आणि पाणी तीन-ऐंशीपर्यंत येईल असा अंदाज आहे," गौतमी हळूच म्हणाली. "ताई, मी समिती लवकर काढायचा प्रयत्न करते. तुम्ही मात्र तिची वाट बघू नका."

जोळीचे प्रमुख जयेंद्र पाटील. माणूस मनानं उमदा, पण ती 'उत्कृष्ट बांधा'ची ढाल त्यांच्या ओटीवर टांगलेली होती, आणि नाकापेक्षा मोती जड झाला होता.

"बाय, समुद्र वाढतोय हे तर जगाला माहीत आहे," ते म्हणाले. "वादळघराची खालची पायरी हल्ली पाण्यात जाते, ती त्यामुळंच. आणि बांध पण वाढतोय. दोन्ही वाढतायत, मग बिघडलं कुठं?"

"जयादादा, समुद्र सव्वीस महिन्यांत एक पायरी वाढत नाही हो."

"उपग्रहानं सांगितलं, बांध वाढला. आता तू उपग्रहाचाच दाखला देऊन सांगतेस, नाही वाढला. मी कुठल्या उपग्रहाचं ऐकू?"

प्रश्न अगदीच खुळा नव्हता. तेवढ्यात दारातून आवाज आला, "पान्याचं ऐक."

हसुराम म्हात्रे काठी टेकत आले होते. हर्षालीनं चार दिवस त्यांच्यापासून हे लपवलं होतं. खांड म्हणजे म्हाताऱ्याचा जीव. पण घरात भिंती पातळ आणि म्हाताऱ्याचे कान शाबूत.

"पानी सगळीकडं सारकंच चढतं, जया," ते म्हणाले. "त्याला कोनाची ढाल नको. टेपाच्या पायथ्याला काळा खडक हाय, त्याच्यावर मी छिन्नीनं रेघा मारल्यात. वादळघराची पूजा झाली आणि गच्चीवर खुंटी बसली त्या दिवशी दुसऱ्या रेघेला पानी होतं, आणि मी पायऱ्या मोजल्या होत्या. सात कोरड्या. आज संध्याकाळच्या भरतीला तू खडकावर उभा ऱ्हा. पानी दुसऱ्या रेघेला लागलं की हाळी दे."

त्या दिवशी सप्तमी होती, भरती मवाळ. सहाच्या सुमाराला जयेंद्र पाटील धोतर खोचून टेकडीखालच्या खडकावर, आणि हसुराम वादळघराच्या खाडीकडच्या पायऱ्यांवर, मुलीचा हात धरून. पाणी हळूहळू वर सरकलं. हाळी आली. म्हाताऱ्यानं चपला हातात घेतल्या, पाण्यात पाय घातला, आणि ते एक एक पायरी पायानं चाचपत वर चढायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातव्यासाठी पाय उचलला तर तो सपाट ओट्यावर पडला.

ते पुन्हा खाली उतरले आणि पुन्हा मोजत वर आले. सहाच. पायरी साडेसात इंचांची होती, एकोणीस सेंटीमीटर. टिप्याचा आणि म्हाताऱ्याच्या पायाचा आकडा तंतोतंत जुळला, पण हर्षालीला आनंद झाला नाही. वडील अजून पायानं सातवी पायरी शोधत होते.

"बाबा, तुमची चूक नाही," ती म्हणाली. "माती दबते. नवं ओझं आलं की दबतेच."

हसुराम त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात जोळ बसली. जयेंद्र पाटलांनी खडकावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांचा विरोध मावळला होता. पण बाकीचे ऐकतील तर शपथ. "टेकलेली जमीन खचेल कशी?" हा एकच सवाल दहा तोंडांनी आला. सुगंधा घरत, जिची जीभ गावात सगळ्यात तिखट, ती उभी राहून म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं त्या खांडीत स्वतःची होडी टाकली. ती जमीन खचली म्हणताना तुला काय वाटत नाय, हर्षाली?"

हर्षालीनं कच्च्या नोंदीचा कागद वर केला, आणि तेवढ्यात वडिलांनी तिचा हात खाली ओढला. ते उठून उभे राहिले.

"नव्हता टेकला," हसुराम म्हणाले.

लोकांना आधी कळलंच नाही.

"तवा बांबू टेकला नव्हता. बांबूला बांबू बांधून घातला, तरी जात होता. खाली पेंढा होता, खारफुटीच्या फांद्या होत्या, सुगंधाच्या सासऱ्याची होडी होती, आणि त्याच्याखाली नुसती राड. तळ नव्हताच. मी वर बघितलं. ओहोटी संपत आलेली. बाया पोरांना पाठीशी बांधून चिखल वाहत होत्या. मी 'नाय' बोललो असतो तर टोपल्या खाली पडल्या असत्या, आणि तिसऱ्यांदा गेलेली खांड चौथ्यांदा कोन भरनार होता? म्हनून मी वरडलो. गाव वाचला. दुसऱ्या दिवशी सांगनार होतो. पन तुमी मला खांद्यावर घेतला. मग साठ वरसं तुमी नारळ फोडत ऱ्हायलात. आणि घर बांधायची वेळ आली, तवा मलाच वाटायला लागलं होतं, की खरंच टेकला होता. सगळा गाव बोलतोय म्हनजे टेकलाच असंल."

हर्षालीला वडिलांचा राग आला, कीव आली, आणि त्यांना उराशी धरावंसंही वाटलं, सगळं एकदमच. ज्या शब्दावर ती लहानाची मोठी झाली, तो खोटा होता. आणि तो नसता, तर ती ज्या गावात जन्मली ते गावच नसतं. या दोन गोष्टी एकत्र कुठं ठेवायच्या, तिला कळेना.

शेवटी जयेंद्र पाटील उठले. ओटीवरची ती ढाल त्यांनी बहुधा मनातल्या मनात उतरवून ठेवली असावी. "म्हातारबाचं काय करायचं ते उधाणानंतर बघू," ते म्हणाले. "आधी बांधाचं बघा. उद्यापासून जोळीचं काम. दर घरामागं दोन माणसं."

सहा दिवस काम चाललं. पोकलेन मागवून उपयोग नव्हता. बाहेरबांधावर त्याचं धूड चढवलं तर बांधच बसला असता. म्हणून ओहोटीला खाडीत उतरायचं, चिखल कापायचा, हातोहात टोपल्या वर द्यायच्या, पाटण्यानं, म्हणजे लाकडी फळीनं, चोपायचा, जसं आजे-पणजे करत. म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय टेपावरच्या शाळेत केली, वादळघराला कुलूप लागलं. गौतमी सोहनी समितीची वाट न बघता स्वतःच्या गाडीनं आली. अढळ खुंटी गच्चीवरून काढून दोघींनी काळ्या खडकावर पक्की केली, टिप्याला दोन दिवस तिथं टिपायला लावला, आणि मगच तिची उंची लिहिली. हर्षालीनं खाली एक ओळ स्वतःच्या हातानं जोडली: 'दर महिन्याला पुन्हा मोजणे.'

"हा खडक तरी अढळ आहे ना?" जयेंद्र पाटलांनी धसका घेऊन विचारलं.

"खाली जात नाहीये," हर्षाली म्हणाली. "पण हा आणि अख्खा देश मिळून दर वर्षी चार-पाच सेंटीमीटर ईशान्येला सरकतोय."

"बरं, ते राहू दे," पाटील घाईघाईनं म्हणाले.

उधाणाच्या आदल्या दिवशी, कलत्या उन्हात, शेवटच्या ओहोटीचा तास-दीड तास उरला होता. एकशे चौदा वाट्यांवर गाव ओळीनं उभं होतं. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, त्यात कोण पाटील आणि कोण घरत हेही ओळखू येत नव्हतं. कित्येकांनी टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसकण मारली होती. हर्षालीनं मांडीवरच्या संगणकात ओळ टंकली, दोन बाण काढले, आणि खुंट्यांचे आकडे आले. दुरुस्त केलेले, पण आता खडकावर पाय ठेवून दुरुस्त केलेले.

एकोणीसपैकी अकरा झाले होते. आठ राहिले होते.

जयेंद्र पाटील तिच्या खांद्यावरून बघत होते. ते वाकून हळूच म्हणाले, "बाय, आठ नको सांगू. तीन सांग. आठ ऐकलं तर ही माणसं आत्ता घरी जातील. तीन ऐकलं तर रेटतील. रेटता रेटता होतील आठ."

ते काही वाईट मनानं म्हणत नव्हते. ओळीतल्या माणसांकडे बघून तिलाही तेच वाटत होतं. पलीकडे खुर्चीवर हसुराम बसले होते, अधू डोळे तिच्या दिशेला लावून. पाण्याचा आवाज बदलला होता. ओहोटी संपत चालली हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं असणार.

"हर्षाली," त्यांनी विचारलं, "टेकला का?"

ती उभी राहिली. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "नाही टेकला! आठ राहिले! अजून आठ!"

ओळीतून ओळीत तो आकडा पुढे जात राहिला, आठ, आठ, आठ, आणि शेवटच्या वाट्यापाशी जाऊन थांबला. कोणी हललं नाही. एक टोपली घरंगळत खाली गेली, ती उचलायलाही कोणी गेलं नाही. हसुरामांनी मान खाली घातली.

मग चिखलानं माखलेली एक बाई कमरेवर हात ठेवून उठली. आवाजावरून कळलं, की ती सुगंधा आहे.

"आठ म्हनजे किती टोपल्या गो?"